जेलाटोची पाटी आणि बोहरी मोहल्ल्यातला संचा

कल्याण सोडून उल्हासनगर, अंबरनाथ करत कुळगावपर्यंत आलात, तर आइस्क्रीमच्या दुकानांवर अलीकडे एक नवा शब्द वाचायला मिळतो : जेलाटो. काचेमागे हिरवे, गुलाबी, पिवळेधमक डोंगर रचलेले असतात. दर नेहमीच्या कपापेक्षा बराच जास्त असतो. मुलं काचेला नाक लावून उभी राहतात आणि आई मनातल्या मनात महिन्याचा हिशेब करते. आपल्या घरांत तिला आणखी एक प्रश्न पडतो. हे इटलीचं आहे, यात नेमकं काय काय घालतात? आपल्याला चालतं ना?

आम्ही दोघी जावा. घरात चार मुलं, एक नणंद आणि आमच्या अम्मी, म्हणजे सासूबाई. वरचे दोन्ही प्रश्न आमच्याच घरात रोज उठत होते, म्हणून आम्ही जरा मुळाशी जायचं ठरवलं. वाचलं, विचारलं, चाखलं. आणि एका रविवारी सगळं खटलं घेऊन लोकलने मुंबईला गेलो. कुठे, ते पुढे सांगतो. आधी जेलाटो म्हणजे काय ते पाहू.

इटालियन भाषेत जेलाटो म्हणजे नुसतं ‘गोठवलेलं’. तिथल्या माणसाला तो आपल्या आइस्क्रीमसाठीचा रोजचा शब्द आहे, त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण करण्याची रीत वेगळी आहे. जेलाटोत दूध जास्त आणि मलई कमी असते. स्निग्धांश साधारण ४ ते ८ टक्के, तर आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश निदान १० टक्के लागतो. जेलाटो सावकाश घुसळतात, त्यामुळे त्यात हवा कमी शिरते. घुसळताना त्याचं आकारमान फार तर पाव ते एक तृतीयांशाने वाढतं. कारखान्यातल्या आइस्क्रीमचं मात्र दुपटीपर्यंत वाढू शकतं. शिवाय जेलाटो वाढतात उणे १२ ते १४ अंशांच्या आसपास, आइस्क्रीमपेक्षा किंचित गरम. त्यामुळे जीभ बधिर होत नाही आणि पिस्ता पिस्त्यासारखा लागतो.

हवेचं हे प्रकरण आम्हाला फार महत्त्वाचं वाटलं, कारण त्याचा संबंध थेट पाकिटाशी आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार एक लिटर आइस्क्रीमचं वजन निदान ५२५ ग्रॅम असावं लागतं. म्हणजे ७०० मिलिलिटरच्या डब्यात ३७० ग्रॅमच्या आसपास माल असला तरी तो नियमात बसतो. उरलेली जागा हवेने भरलेली. यात फसवणूक काही नाही, थोडी हवा नसेल तर आइस्क्रीम विटेसारखं होईल. पण दोन डबे हातात घेऊन तोलून पाहा, म्हणजे कळेल. बाई भाजी तोलून घेते, मटण तोलून घेते, आइस्क्रीम तेवढं डब्याच्या आकारावर घेते.

दुसरी गोष्ट ‘फ्रोझन डेझर्ट’ या दोन शब्दांची. ते आइस्क्रीम नव्हे. त्यात दुधाच्या मलईऐवजी, पूर्णपणे किंवा अंशतः, वनस्पती तेल किंवा चरबी असते. खायला ते बेकायदा नाही आणि डब्यावर तसं छापणं बंधनकारक आहे, पण अक्षरं बारीक आणि चित्र मोठं. २०१७ साली याच मुद्द्यावरून अमूलच्या जाहिरातींविरुद्ध हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती आणि न्यायालयाने त्या जाहिराती थांबवल्या. कोण बरोबर, कोण चूक यात आम्हाला पडायचं नाही. ज्याच्यासाठी पैसे मोजतो ते दूध आहे की तेल, एवढं आपल्याला ठाऊक असावं.

आता चालतं-न चालतंचा प्रश्न. पाकीटबंद मालावर हिरवी खूण असेल तर जिलेटिन किंवा प्राण्यांची चरबी नाही, एवढं त्यावरून कळतं. घटकांच्या यादीत ४७१ हा क्रमांक दिसला की काही भगिनी घाबरतात. तो पदार्थ वनस्पतीपासूनही बनतो आणि प्राण्यांपासूनही. हिरवी खूण असेल तर तो प्राण्यांचा नाही. पण हिरवी खूण दारूबद्दल काहीच सांगत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पारंपरिक इटालियन चवींपैकी ‘झाबायोने’मध्ये मार्साला नावाची वाइन असते. ‘मालागा’ म्हणजे मद्यात भिजवलेले मनुके. ‘झुप्पा इंग्लेझे’मध्ये आल्केर्मेस नावाचं लाल मद्य घालतात, आणि गंमत म्हणजे त्या मद्याचं नाव अरबी ‘अल-किर्मिझ’वरून आलं आहे, आपला किरमिजी रंग तो हाच. तिरामिसूतही बहुधा मद्य असतं. आपल्याकडच्या दुकानांत याऐवजी नुसता अर्कही वापरतात, म्हणून विचारून घ्यावं. विचारण्यात लाजायचं काही नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाची आईसुद्धा विचारतेच. फळांच्या आणि सुक्या मेव्याच्या चवी घेतल्या तर हा प्रश्न सहसा येत नाही, आणि खरं सांगायचं तर चांगल्या जेलाटोची परीक्षाही त्यांच्यातच होते.

ती परीक्षा सोपी आहे. पिस्त्याचा रंग पाहा. खरा पिस्ता वाटल्यावर मळकट हिरवा, जवळजवळ तपकिरी दिसतो. पोपटी हिरवा दिसला तर तो रंग बाटलीतला. केळ्याचं जेलाटो करडं दिसायला हवं, कारण कुस्करलेलं केळं काळवंडतंच. पिवळंजर्द असेल तर समजून जा. काचेत उंच डोंगर रचलेले असतील तर तो आकार टिकवायला आत काहीतरी घातलेलं असतं. इटलीतली जुनी दुकानं माल झाकणाच्या खोल धातूच्या भांड्यांत ठेवतात, गिऱ्हाइकाला तो दिसतही नाही. आणि गोल चमच्याने गोळे काढत नाहीत, चपट्या कालथ्याने मळून मळून कपात भरतात. ही खूण वाचली तेव्हा आमच्या अम्मी हसल्या. त्यांच्या मते उलथण्याने वाढलेलं कधीच कमी पडत नाही.

इटलीत हे आलं कुठून? त्या देशाच्या नकाशातल्या बुटाच्या टोकाशी सिसिली नावाचं बेट आहे. तिथे इ.स. ८२७ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम फौजा उतरल्या. ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आलं आणि १०९१पर्यंत बेटावर त्यांची सत्ता होती. या अडीचशे वर्षांत तिथे ऊस आला, लिंबू आलं, कडू संत्रं आलं, पाटाचं पाणी देण्याच्या पद्धती आल्या. एटना ज्वालामुखीच्या माथ्यावर बर्फ पडतो. पुढची कित्येक शतकं तो बर्फ गुहांमध्ये आणि खड्ड्यांमध्ये साठवून उन्हाळ्यात विकला जाई, पार माल्टा बेटापर्यंत जहाजाने जाई. साखर, लिंबू आणि बर्फ एकाच बेटावर. यापुढे काय झालं असेल हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला सांगायला नको.

शब्दांचा माग तर अगदी स्पष्ट आहे. दूध न घालता फळांच्या रसाचं जे गोठवतात, त्याला इटालियनमध्ये ‘सोर्बेतो’ म्हणतात. हा शब्द तुर्की ‘शेर्बेत’मधून आला आणि तो अरबी ‘शरिबा’ म्हणजे पिणे या धातूवरून. म्हणजे आपलं सरबत. एटनाच्या उतारावर ब्रोंते गावात पिकणाऱ्या पिस्त्याला सिसिलीतले शेतकरी ‘फ्रास्तुका’ म्हणतात, अरबीतला ‘फुस्तुक’ तो. त्रापानी शहरात मोगऱ्याच्या जातीतल्या चमेलीच्या फुलांचं पाणी गोठवून खातात. तिथल्या फुलाचं नाव ‘जेल्सोमिनो’, म्हणजे आपल्या मुलींचं ठेवतो ते यास्मीन. आमच्या धाकट्या मुलीचं नाव तेच असल्यामुळे हे वाक्य घरात चारदा वाचून दाखवावं लागलं.

गारवा तयार करण्याची विद्याही जुनी आहे. तेराव्या शतकात सीरियात इब्न अबी उसैबिआ नावाचे हकीम होऊन गेले. त्यांनी वैद्यांची चरित्रं लिहिली, त्यात शोरा म्हणजे सोरामीठ वापरून पाणी गार करण्याची कृती नोंदवली आहे. आपल्याकडे ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फज्लनेही शोऱ्याने पाणी थंड करण्याची रीत दिली आहे. १५८६पासून लाहोरमध्ये बादशाही मुदपाकखान्याला डोंगरातून बर्फ येऊ लागला, हेही त्यात आहे. कुल्फी हा शब्द फारसी, झाकण बंद केलेल्या साच्याचा. उल्हासनगरच्या सिंधी दुकानांत कुल्फीवर जो फालुदा घालून देतात, तो मूळचा इराणचा. शिराझ शहरात आजही पिठाच्या बारीक शेवया बर्फाळ पाकात घालून लिंबू पिळून खातात. मात्र कुल्फी घुसळत नाहीत. आटवलेलं दूध साच्यात भरून जागच्या जागी गोठवतात, म्हणून तिच्यात हवा जवळपास नसते आणि ती कडक होते. जेलाटोचा सख्खा भाऊ शोधायचा तर कुल्फी सोडून संच्याकडे जावं लागतं.

त्या संच्यासाठीच आम्ही मुंबईला गेलो होतो.

बदलापूर ते मुंबई सीएसएमटी ६८ किलोमीटर, दीड तास धरून चाला. फास्ट लोकल पकडलीत तर ती सँडहर्स्ट रोडला थांबत नाही. भायखळ्याला उतरायचं आणि मागून येणारी स्लो धरायची. चार मुलं, एक म्हातारी आणि पाण्याच्या सहा बाटल्या घेऊन हे करताना आमची जी धांदल उडाली, ती लिहीत बसत नाही. सँडहर्स्ट रोडहून भेंडीबाजार चालत दहा-बारा मिनिटांवर. वाटेत रौदत ताहेराची पांढरीशुभ्र वास्तू दिसते. तिच्या आतल्या भिंतींवर संपूर्ण कुरआन सोन्याच्या अक्षरांत कोरलेलं आहे. त्याच्याच आसपास बोहरी मोहल्ला आणि खारा टँक रोड.

हा सगळा भाग आता बदलतो आहे. सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टचा पुनर्विकास प्रकल्प साडेसोळा एकरांवर चालू आहे. जुन्या, टेकू लावलेल्या चाळी जाऊन उंच मनोरे उभे राहत आहेत. राहणाऱ्यांना चांगली घरं मिळतात, याचा आनंदच आहे. ज्यांनी पावसाळ्यात छत कोसळायची भीती काढली, त्यांना जुन्या भिंतींचं कौतुक बाहेरच्यांनी सांगू नये. तरी गल्ल्यांतून चालताना अम्मी दर दहा पावलांवर थांबत होत्या. लहानपणी त्या भायखळ्याला राहायच्या. त्यांना आठवणारी अर्धी दुकानं आता तिथे नाहीत.

खारा टँक रोडवरचं ताज आइस्क्रीम मात्र अजून आहे. १८८७ साली वलीजी जलाजी यांनी ते सुरू केलं. सुरुवातीला ते दूध आणि ताजी फळं एकत्र करून विकायचे, मग आइस्क्रीम आलं. तेव्हापासून धंदा त्याच घराण्यात आहे आणि आइस्क्रीम हाताने फिरवलेल्या संच्यातलं, हीच त्यांची ओळख. दुकान बघायला गेलात तर निराश व्हाल. झगमगाट नाही, रंगांचे डोंगर नाहीत. आमच्या मोठ्या मुलाने तर आत शिरताच विचारलं, “हेच का?”

आम्ही सीताफळ, चिकू, पेरू आणि भाजलेला बदाम असे चार प्रकार घेतले आणि आठ चमचे मागून घेतले. सीताफळात गराचे तुकडे होते, धागे लागत होते. नुसता वास नव्हता, फळ होतं. चिकू दिसायला मळकट, खरा चिकू दिसतो तसाच. पेरूचा रवाळपणा जिभेला जाणवत होता. चमचा घातला की आइस्क्रीम लवचिकपणे ओढलं जायचं, भुसभुशीत तुटायचं नाही. म्हणजे जेलाटोबद्दल जे जे वाचलं होतं, कमी हवा, खरं फळ, बाटलीतला रंग नाही, ते सगळं १८८७च्या पाटीखाली कपात पडलेलं होतं. ‘हेच का’ म्हणणाऱ्याने पेरूचा दुसरा कप मागितला. अम्मींना दात कमी, तरी त्यांनी बदामच खाल्ला. कारण विचारलं तर म्हणाल्या, “फळं काय, घरीही मिळतात.”

बोहरा समाजात या आइस्क्रीमचं एक खास स्थान आहे. त्यांच्या दावतीत एका मोठ्या थाळाभोवती आठ जण बसतात. पहिल्यांदा चिमूटभर मीठ जिभेला लावतात, मग गोड येतं आणि मग तिखट. आपण गोड शेवटी खातो, त्यांच्याकडे ते आधी, आणि पुष्कळदा ते संच्यातलं आइस्क्रीमच असतं. आम्ही एका लग्नात पाहुण्या म्हणून अशा थाळावर बसलो होतो. बिर्याणीच्या आधी आइस्क्रीम समोर आलं तेव्हा वाढणाऱ्याचा गोंधळ झाला असं आम्हाला वाटलं होतं. शेजारच्या बाईंनी हसून मिठाची वाटी पुढे केली.

मीठ संच्यालाही लागतंच. मराठी घरांत ज्याला आइस्क्रीमचा पॉट म्हणतात, तोच हा. लाकडी बादली, तिच्या मधोमध धातूचं उभं भांडं, भांड्यात लाकडी फिरकी आणि वर हँडल. भांडं आणि बादली यांच्यामध्ये बर्फाचा चुरा आणि जाडं मीठ, तीन वाट्या बर्फाला एक वाटी मीठ या मानाने. नुसता बर्फ शून्य अंशाला वितळतो. मीठ पडलं की तो त्याहून कमी तापमानालाच वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता शेजारच्या भांड्यातून ओढून घेतो. मिठाचं प्रमाण बरोबर जमलं तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. म्हणजे वीज नाही, यंत्र नाही, तरी दूध कडेला गोठतं. फिरकी ते खरवडून मधे आणते, पुन्हा कडेला गोठतं, पुन्हा खरवडलं जातं. माणसाचा हात यंत्राइतक्या वेगाने फिरू शकत नाही, म्हणूनच हवा कमी शिरते. हाताचा जो दोष वाटावा, तोच इथे गुण.

या बर्फाचीही मोठी कहाणी आहे. मुंबईत पहिल्यांदा बर्फ आला तो अमेरिकेतून. तिथली गोठलेली तळी करवतीने कापून, भुशात गुंडाळून, फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी जहाजाने बर्फ पाठवायचा. १८३३ साली तो कलकत्त्याला पोहोचला आणि पुढच्या वर्षी मुंबईत. त्या काळी आइस्क्रीम ही शेठ-साहेबांच्या मेजवानीची गोष्ट होती. सामान्य माणसाच्या हातात कप यायला बराच काळ जावा लागला, आणि तो आणून दिला ताजसारख्या दुकानांनी.

संचा फिरवणं कष्टाचं आहे, हे ज्याने फिरवलं त्यालाच कळतं. अम्मींच्या लग्नात पॉटचं आइस्क्रीम होतं. चुलते, मामा आळीपाळीने हँडल फिरवत होते. भांडं हलू नये म्हणून वर गोणपाट टाकून एका पोराला बसवत, आणि थंडीने कोण आधी उठतो याची पैज लागे. शेवटी हँडल जड झालं, फिरेना, की आइस्क्रीम तयार. आता लग्नात केटररचे डबे येतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही, चुलते-मामांच्या खांद्यांना आराम आहे. पण पगारावर दिवसभर हाताने संचा फिरवणारी माणसं मिळणं सोपं नाही आणि त्या मेहनतीचा दाम गिऱ्हाइकाने दिला तरच हे टिकेल. आम्ही जेलाटोच्या पाटीखाली जादा पैसे मोजायला कुरकुरत मोजतो. संच्यासाठी तेवढेच मोजायला हरकत काय? दोन्हीकडे पैसे कशाचे, तर फळाचे आणि वेळाचे.

डबा भरून कुळगावला आणायचा मोह आम्हाला झाला. आणू नका. दीड तासात, एका गाडीच्या बदलात, त्याचं दूध होतं. पुन्हा गोठवलं तर बर्फाचे खडे बनतात. आणि एकदा वितळलेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवून मुलांना देणं पोटासाठीही बरं नाही.

घरी करून पाहायचं असेल तर मात्र सिसिलीच्या बायकांची एक युक्ती उपयोगी पडते. उत्तर इटलीत जेलाटोला अंड्याचा पिवळा बलक घालतात. सिसिलीत बलक आणि मलई दोन्ही टाळून मक्याच्या पिठावर भागवतात. अर्धा लिटर म्हशीचं दूध घ्या. त्यातलं अर्धी वाटी गार दूध बाजूला काढून त्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कालवा. बाकीचं दूध शंभर ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून उकळा, कालवलेलं पीठ ओता, मंद आचेवर सतत ढवळून कढीपेक्षा थोडं दाट करा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ही रात्र चुकवू नका, तिच्यामुळेच पोत येतो. सकाळी त्यात वाटीभर चिकूचा किंवा आंब्याचा गर मिसळून पसरट स्टीलच्या डब्यात फ्रीझरला लावा. दर पाऊण तासाने बाहेर काढून काट्याने कडा खरवडा आणि जोरात फेटा. चार-पाच वेळा तरी. पॉट असेल तर प्रश्नच नाही. आमच्याकडे माळ्यावर एक निघाला, फिरकीचं लाकूड किडलेलं होतं. सुताराने नवीन करून दिलं.

जांभळाचं मात्र दुधात करू नका. त्याचा तुरटपणा दुधाशी जुळत नाही. त्याचं सोर्बेतो करायचं, म्हणजे गोठवलेलं सरबतच. आपल्या बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे गावात राहूनही अनेकांना माहीत नाही. मेअखेरीस आदिवासी बायका पाट्या घेऊन स्टेशनबाहेर बसतात आणि पहिला जोराचा पाऊस पडला की हंगाम आटोपतो. इमारती वाढल्या तशी झाडं कमी झाली आणि भाव चढले. घासाघीस करताना एवढं आठवावं की ती फळं उंच, ठिसूळ फांद्यांवर चढून कोणीतरी उतरवलेली असतात.

अर्धा किलो पिकलेली जांभळं धुऊन, थोडं पाणी घालून हाताने कुस्करा आणि चाळणीवर घासून गर काढा. बिया मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका, कडू होतं. दीडशे ग्रॅम साखर एक वाटी पाण्यात विरघळवून, गार करून गरात घाला. एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. साखर फार कमी केलीत तर दगड होईल, कारण साखरच त्याला मऊ ठेवते. आणि जांभूळ मधुमेहाला चांगलं म्हणून घरातल्या मधुमेही माणसाने यावर ताव मारायचा नाही, साखर ती साखरच. अम्मींना आम्ही दोन चमच्यांवर थांबवतो. त्या तिसरा मुलांच्या कपातून घेतात.

कपडे जुने घाला. डाग जात नाहीत.